कंपाउंडरचा स्वेटर

उत्तरेश्वर देवकते भोसरीच्या एका कारखान्यातून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या बायकोने, प्रेमलाबाईंनी, त्यांना स्वयंपाकघरात यायला बंदी केली. कारणही तसंच होतं. देवकते टूलरूमचे माणूस. केसाएवढा फरक दाखवणारा व्हर्निअर त्यांनी निवृत्तीनंतरही खिशात ठेवला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं तपासली आणि त्यातली नऊ नापास केली. दुसऱ्या आठवड्यात पोळीच्या कडेची आणि मधली जाडी सारखी नसते, हे त्यांनी पानावर बसल्याबसल्या सिद्ध करून दाखवलं.

"अहो," प्रेमलाबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं तुम्ही तिकडं मोजत होता आणि मी इथं न मोजता सगळं करत होते. कुणी उपाशी राहिलं नाही. आता जरा बाहेर जाऊन मोजा."

बाहेर म्हणजे त्यांची कर्वेनगरची सोसायटी. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एक हॉल होता आणि तिथली एक खिडकी दोन पावसाळे अडकून बसली होती. देवकते तेलाची बाटली आणि पान्हा घेऊन वर गेले. हॉलमध्ये नऊ-दहा बायका गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दोन सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी इथे विणकामाचा वर्ग भरतो, हे देवकत्यांना बारा वर्षं त्याच इमारतीत राहून माहीत नव्हतं.

वर्ग घेणाऱ्या कुसुमताई दामले एका शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. वय बहात्तर, आवाज अजून शाळेतलाच. त्या म्हणाल्या, "खिडकीसाठी आला असाल तर खिडकीकडे बघा. आमच्याकडे बघून ती उघडणार नाही."

देवकत्यांनी खिडकी दहा मिनिटांत उघडली. पण परत जाताना टेबलावरच्या एका कागदापाशी ते थबकले. चौकटीचौकटीचा कागद, काही चौकटी भरलेल्या, काही रिकाम्या, खाली आकडे.

"हे ड्रॉइंग आहे," ते म्हणाले.

"नमुना आहे," कुसुमताई म्हणाल्या. "एक चौकट म्हणजे एक टाका. काळी चौकट असेल तिथे दुसऱ्या रंगाची लोकर."

"म्हणजे ड्रॉइंगच."

"बरं, ड्रॉइंग. बसा, नाहीतर दार लावून घ्या. वारा येतोय. खिडकी उघडलीत ना आत्ता."

देवकते बसले.

शिकण्याचा कुसुमताईंचा क्रम ठरलेला होता. आधी मफलर, मग टोपी, मग हातमोजे, आणि एवढं सगळं नीट झालं तर स्वेटर. सुलट टाका, उलट टाका, ओळ संपली की सुई फिरवायची. देवकत्यांचे हात पोलादाला सरावलेले. लोकर त्यांच्या बोटांत सुरुवातीला घाबरल्यासारखी आकसायची. पण पंधरा दिवसांत मफलर झाला. टाके असे एकसारखे, की शेजारी बसणाऱ्या भाग्यश्रीने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काका, मशीनवर केलात का?"

"टोपीला टाके घाला," कुसुमताई म्हणाल्या.

"टोपी नको," देवकते म्हणाले. "मला एकच स्वेटर करायचाय. तेवढा केला की मी सुया परत देतो."

"कुठला स्वेटर?"

देवकत्यांचे कान लाल झाले. साठीच्या माणसाने सांगावं असं ते नव्हतं. पण विचारणाऱ्या कुसुमताई होत्या, उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. ते म्हणाले, "एका सिनेमातला."

गोष्ट पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची होती. परांडा तालुक्यातलं देवकत्यांचं गाव. जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. उत्तरेश्वर तेव्हा पहिलीत होता, नुकतीच अक्षरं जुळवायला लागलेला. त्या वर्षी जो सिनेमा आला, त्याचं नाव 'सात पहाडों के पार'. त्यात एक कंपाउंडर होता. पाठीला औषधांची लाकडी पेटी बांधून तो बर्फातून डोंगर चढायचा आणि गावोगावी औषधं पोचवायचा. डोंगरातल्या शाळेची एक बाई त्याच्यासाठी एक स्वेटर विणते. कॉफीच्या रंगाचा, छातीवर देवदारांची रांग आणि त्यांच्या वरून उडत जाणारे पांढरे पक्षी. शेवटच्या वादळात सगळे म्हणतात कंपाउंडर गेला, आणि मग दूरवर, सगळ्या पांढऱ्यात, एक कॉफीच्या रंगाचा ठिपका हलताना दिसतो. तंबूत तेव्हा अशा शिट्ट्या झाल्या, की बाहेर बांधलेले बैल उधळले.

उत्तरेश्वरने त्याआधी स्वेटर पाहिला नव्हता. त्यांच्या घरात घोंगडी होती, आणि ती पांघरायची, अंथरायची, डोक्यावरून घेऊन पावसात जायची. पण हात घालायला बाह्या असलेली लोकर, आणि वर पक्षी! दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना सांगितलं, मला तसला स्वेटर पायजे. वडील, गेनबा, एप्रिलच्या उन्हात बांधावर बसले होते. ते म्हणाले, "आधी थंडी तर पडू दे." त्यांच्या गावात तशी थंडी कधी पडलीच नाही. पुढे पुण्यात आल्यावर पडली, पण दुकानात मिळणारे स्वेटर त्यांना कधी आवडले नाहीत. त्यांच्यावर एकतर काहीच नसायचं किंवा इंग्रजी अक्षरं असायची.

हे सगळं त्यांनी वर्गात तुटक तुटक सांगितलं. बायका ऐकत होत्या, सुया थांबल्या होत्या. कुसुमताईंनी चष्मा पुसला. "चित्र आहे का त्या स्वेटरचं?"

"नाही. डोक्यात आहे."

"डोक्यातल्यावरून विणता येत नाही. कागदावर आणा."

संध्याकाळी त्यांनी मुलीला, निशाला, सांगितलं. निशा हिंजवडीला आयटीत होती आणि बापाचं म्हणणं अर्धं ऐकूनच फोनवर शोधायला लागायची. त्या दिवशीही तिने तेच केलं. तीन दिवस काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी ती ऑफिसातून आल्या आल्या चपलाही न काढता म्हणाली, "पप्पा, सापडला! कुणीतरी अपलोड केलाय. प्रिंट एकदम खराब आहे, पण पूर्ण आहे."

तिघांनी तो टीव्हीवर लावून पाहिला. रंग विटलेले, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण ती बाई, ती पेटी, तो बर्फ, सगळं तसंच होतं. देवकते खुर्चीच्या कडेवर बसले होते. स्वेटर आला तेव्हा ते एकदम उठून उभे राहिले.

"थांबव! हे उलटं आहे."

"काय उलटं आहे?"

"पक्षी. पक्षी डावीकडे उडत होते. हे उजवीकडे चाललेत. ज्यानं टाकलाय त्यानं सिनेमा उलटा टाकलाय."

निशाने थोडं मागे नेऊन दाखवलं. "पप्पा, दवाखान्याची पाटी बघा. सरळ वाचता येतेय. उलटा असता तर अक्षरं उलटी दिसली असती."

अक्षरं सरळच होती. देवकते खाली बसले, पण पटलं नाही. पन्नास वर्षं जे पक्षी डोळ्यांसमोर डावीकडे उडत होते, ते एका संध्याकाळी उजवीकडे कसे वळतील? "तुम्ही लहान होतात, विसरला असाल," निशा म्हणाली. देवकते पक्षी विसरणाऱ्यांतले नव्हते.

तरी ड्रॉइंगला त्यांनी सुरुवात केली, आणि सिनेमात जसं दिसतं तसंच काढलं. निशाने तो प्रसंग जागोजागी थांबवून चित्रं छापून दिली. देवकत्यांनी मोठा आलेख कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं आणि पूर्वी कंपनीत काढायचे तसं वर कोपऱ्यात लिहिलं: 'भाग १, पुढची बाजू'. देवदार अकरा, पक्षी सात. एका पक्ष्याला किती टाके, पंखाच्या टोकाला किती, दोन झाडांमध्ये किती. डाव्या खांद्यावर तीन काळे ठिपके दिसत होते. तिथे बाण काढून त्यांनी टीप लिहिली, 'प्रिंटमधले डाग. दुर्लक्ष करावे.'

मग त्यांनी नवा कागद घेतला, 'भाग २, मागची बाजू' असं लिहिलं, आणि हात थांबला.

मागची बाजू सिनेमात नव्हतीच. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिला. कंपाउंडर वळायचा, पाठमोरा चालायचा, लांब जायचा, पण पाठीवर कायम ती पेटी. खालून चार बोटं लोकर दिसायची, तीही साधी. पेटीमागे काय आहे हे ती विणणाऱ्या बाईलाच ठाऊक.

शुक्रवारी वर्गात हा प्रश्न ठेवला गेला आणि त्या दिवशी कुणाचंच विणकाम झालं नाही. भाग्यश्री म्हणाली, मागे पेटीच विणा. एक बाई म्हणाल्या, मागे एकच मोठा देवदार घ्या. दुसऱ्या म्हणाल्या, मागे सिनेमाचं नाव लिहा. "म्हणजे रिक्षासारखं," तिसऱ्या म्हणाल्या, आणि नाव बाद झालं.

"पाठ साधी ठेवा," कुसुमताई म्हणाल्या. "आपली पाठ आपल्याला दिसत नाही आणि लोकांना बघण्यात रस नसतो."

"साधी ठेवली तर अर्धंच काम केल्यासारखं होईल."

"मग पूर्ण करा. पण या वर्षी करा."

देवकते घरी आले ते तोंड पाडून. आठवडाभर कागद कोराच राहिला. प्रेमलाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, देवकते समोर बसून पेन्सिलीचं टोक वाढवत होते. टोक आता सुईसारखं झालं होतं.

"ते पक्षी तुम्हाला डावीकडेच आठवतात?" प्रेमलाबाईंनी अचानक विचारलं.

"डावीकडेच. तू पण म्हण, विसरलात म्हणून."

"मी काही म्हणत नाही. तुम्ही तंबूत बसला होता कुठं?"

"आईजवळ. लहान होतो ना. बायकांच्यात."

प्रेमलाबाईंनी लसणाची पाकळी ताटात टाकली आणि हसायलाच लागल्या. त्यांचं माहेर बार्शीकडचं, त्यांनीही तंबूतले सिनेमे पाहिले होते. "अहो, आमच्याकडं पडदा तंबूच्या मध्ये असायचा. पुरुष एका अंगाला, मशिनीच्या बाजूला. बायका पडद्याच्या पलीकडं. आम्ही सगळा सिनेमा मागून बघायचो! आम्हाला तर सगळे हिरो डावखुरे वाटायचे. मी लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा थेटरात गेले, तेव्हा हिरोला उजव्या हाताने जेवताना बघून मला चुकल्यासारखं झालं होतं."

देवकत्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडत गेली. त्या सिनेमातली अक्षरं त्यांना वाचता आली नव्हती. आपण पहिलीत आहोत, आपल्याला सगळी अक्षरं येतात, तरी एकही ओळखू येत नाही, म्हणून त्यांनी आईला विचारलं होतं. आई निरक्षर. ती म्हणाली होती, "हिंदी आसंल." त्यानंतर चार वर्षं उत्तरेश्वर हिंदी अशीच उलटी लिहितात असं समजत होता. पाचवीत हिंदीचं पुस्तक हातात आलं आणि त्यातली अक्षरं सरळ निघाली, तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्याला सोपं जावं म्हणून सरकारने सरळ केली असणार.

आणि बैलगाडी. जत्रेतून परत येताना गाडीत आई आणि वडील भांडले होते, हेही त्यांना आता लख्ख आठवलं. कशावरून तर पेटीच्या पट्ट्यावरून.

"उजव्या खांद्यावर व्हता पट्टा," वडील म्हणत होते.

"डाव्या," आई म्हणाली होती. "म्या काय आंधळी हाय?"

"तुला डावं-उजवं कळतं का?"

"भाकरी कुटल्या हातानं थापती ती कळत न्हाई व्हय मला?"

घर येईपर्यंत ते भांडण चाललं होतं. नंतर कित्येक वर्षं घरात कुठल्याही गोष्टीवर वाद झाला, की आई शेवटी म्हणायची, "पट्टा डाव्याच खांद्यावर व्हता," आणि वडील पागोटं डोक्यावर टाकून बाहेर जायचे. दोघेही आता नव्हते. दोघांनी एकच सिनेमा पाहिला होता, एकाने पुढून, एकीने मागून. दोघांचंही बरोबर होतं आणि हे सांगायला देवकत्यांना इतकी वर्षं लागली होती.

ते उठले, कोरा कागद पुढे ओढला आणि काढायला लागले. तेच अकरा देवदार, तेच सात पक्षी, पण सगळं उलटं, डावीकडे उडणारं. प्रेमलाबाईंनी वाकून बघितलं.

"ही आईची बाजू," देवकते म्हणाले. "पुढची वडलांची."

प्रेमलाबाईंनी पुढचा कागद आपल्या पोटावर धरला, मागचा देवकत्यांच्या हातात देऊन पाठीवर धरायला लावला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. दोन्हीकडचे पक्षी उडत उडत डाव्या बगलेखाली येऊन चोचीला चोच लावत होते.

"हे इथं येऊन भांडणार," त्या म्हणाल्या.

"भांडू देत. खरं तेच आहे."

"नको. मध्ये काहीतरी खायला ठेवा."

आणि म्हणून डाव्या बगलेच्या शिवणीवर ज्वारीचं एक कणीस आलं. ते सिनेमात कुठेही नव्हतं.

लोकर आणायला ते बुधवार पेठेत गेले. निशाने स्वेटरचा रंग फोनमध्ये घेऊन दिला होता. तो दाखवून देवकत्यांनी दुकानदाराला विचारलं, "हाच रंग मिळेल का?"

दुकानदाराने फोनकडे न बघताच सांगितलं, "मोबाइलमधला रंग मोबाइलमध्येच मिळतो. आमच्याकडे लोकर आहे."

देवकत्यांनी तासभर लड्या दारात नेऊन, उन्हात धरून, सावलीत धरून पाहिल्या. शेवटी दुकानदारच कंटाळून आतून एक गठ्ठा घेऊन आला. कॉफीचा रंग, पण आत किंचित तांबूस झाक, विटलेल्या प्रिंटमध्ये दिसायची तशी. "ही कुणी घेत नाही," तो म्हणाला. "तुम्ही घ्याल असं वाटतंय." देवकत्यांनी सगळी घेतली. पक्ष्यांसाठी सायीच्या रंगाची, झाडांसाठी गर्द हिरवी, आणि कणसासाठी एकच छोटा पिवळा गुंडा.

विणायला त्यांनी गणपती उठल्यावर घेतलं. पहिले चार इंच सरळ गेले. देवदारही उभे राहिले. पक्षी सुरू झाले तसा घोटाळा झाला. दोन रंगांनी विणताना जो रंग वापरात नसेल, त्याचा धागा मागून पुढे न्यावा लागतो. देवकते तो घट्ट ओढत होते, कारण सैल काहीही ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे कापड आवळलं आणि पक्षी सुरकुतले.

कुसुमताईंनी ते हातात घेतलं. "हे पक्षी नाहीत. हे वाळत घातलेले बोंबील आहेत."

"माप बरोबर आहे," देवकते म्हणाले आणि त्यांनी व्हर्निअर काढला. "प्रत्येक टाका बघा."

"देवकते, ही लोकर आहे, लोखंड नाही. तिला आत थोडी जागा लागते. माणूस श्वास घेतो तेव्हा स्वेटरलाही घ्यावा लागतो. तो व्हर्निअर खिशात ठेवा, आणि धागा मागे सोडताना बोटं पसरून सोडा. अशी."

त्यांनी दोन ओळी विणून दाखवल्या. देवकत्यांनी सगळे पक्षी उसवले. चार दिवसांचं काम दहा मिनिटांत गुंड्यावर परत गेलं. वाईट वाटलं, पण दुसऱ्यांदा विणताना बोटं पसरत गेली, धागा सैल सुटत गेला आणि एक पक्षी खरोखरच पक्ष्यासारखा उमटला. तो त्यांनी प्रेमलाबाईंना दाखवला, निशाला दाखवला, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी कुरिअरवाल्यालाही दाखवला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी स्वेटर पूर्ण झाला. बाह्या जोडल्या, शिवणी घातल्या, गळ्याचे टाके बंद केले. वर्गातल्या सगळ्या बायकांसमोर घालून दाखवायचं ठरलं. प्रेमलाबाईही आल्या होत्या. देवकत्यांनी हात बाह्यांत घातले, स्वेटर डोक्यावरून ओढला आणि तो तिथेच थांबला.

त्यांनी जोर लावला. स्वेटर कानांपाशी आला आणि अडकला. खाली येईना, वर जाईना. हॉलच्या मधोमध एक बिनडोक्याचा माणूस हात वर करून उभा होता आणि त्याच्या छातीवरून सात पक्षी मजेत उडत होते.

"देवकते," कुसुमताईंचा आवाज आला, "आत आहात का?"

"गळ्याचं माप बरोबर आहे," आतून उत्तर आलं. "मानेचं घेतलं होतं."

"आणि डोक्याचं?"

स्वेटर एकदम हलायचा थांबला. मग "नाही," असं आलं आणि हॉलमध्ये असा हशा उठला, की खालच्या ऑफिसातला वॉचमन वर बघायला आला. प्रेमलाबाई हसत हसत भिंतीला टेकल्या. "चौतीस वर्षं," त्या म्हणत होत्या, "चौतीस वर्षं मोजत होते!" आतला माणूसही हसत होता, कारण सगळा स्वेटर हलत होता.

वर्गातल्या दोघींनी धरून, कान सांभाळून, त्यांना बाहेर काढलं. केस उभे राहिलेले, चेहरा घामाने डबडबलेला. आता गळा उसवायचा म्हणजे वरचे सगळे पक्षी जाणार, या विचाराने त्यांचं हसू मावळलं. कुसुमताईंनी स्वेटर टेबलावर पसरला.

"उसवायला नको. एका खांद्याची शिवण उघडायची, पट्टी विणायची आणि गुंड्या लावायच्या. गुंड्या काढून घाला, घातल्यावर लावा. लहान मुलांच्या स्वेटरला करतो तसं. तुमचं ड्रॉइंग बघू, शिवण कुठे घेतलीय."

त्यांनी कागद उघडला, चष्मा वर केला. "हे काय लिहिलंय? 'प्रिंटमधले डाग. दुर्लक्ष करावे'?"

"तिथे तीन काळे ठिपके दिसत होते. फिल्म जुनी आहे, म्हणून..."

"डाव्या खांद्यावर. एका रेषेत. सारख्या अंतरावर."

देवकत्यांनी कागद हातात घेतला. अंतर त्यांनीच मोजून लिहिलं होतं. तिन्ही ठिपक्यांमध्ये बरोबर चार-चार टाके.

"गुंड्या आहेत हो त्या," कुसुमताई म्हणाल्या. "तुमच्या त्या कंपाउंडरचंही डोकं अडकलं असणार."

देवकत्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण मनातून त्यांना फार आनंद झाला होता. ती डोंगरातली शाळामास्तरीण, किंवा पडद्यामागे तिच्यासाठी खरोखर तो स्वेटर विणणारं जे कुणी असेल ते, याच ठिकाणी येऊन अडलं होतं आणि याच वाटेने बाहेर पडलं होतं. भाग्यश्रीने तिच्या डब्यातून तीन काळ्या गुंड्या काढून दिल्या. पुढच्या शुक्रवारी स्वेटर अंगात गेला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, मनगटाशी किंचित लांब. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताई त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आल्या, बगल वर करायला सांगितली, कणीस बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालंय."

वर्गात अकरा वर्षं येणाऱ्या एका बाईंनी देवकत्यांच्या कानात सांगितलं की हे त्यांनी आजवर दोनदाच ऐकलंय.

जानेवारीत थंडी कडक पडली तेव्हा वर्गाची सहल खडकवासल्याला गेली. प्रेमलाबाईही बरोबर होत्या. सकाळी सातला धरणाच्या भिंतीवर वारा असा होता, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. प्रत्येकीने आपापलं विणलेलं घातलं होतं. पाण्यावर धुकं होतं आणि कांदाभजीच्या गाड्या नुकत्याच पेटत होत्या. देवकते पुढून वडिलांचे आणि मागून आईचे होऊन इकडून तिकडे हिंडत होते. चहावाल्याला हाक मारायला त्यांनी डावा हात वर केला, तसा तिथे उभा असलेला एक कॉलेजचा घोळका बगलेकडे बोट दाखवून कुजबुजला. त्यातली एक मुलगी पुढे आली.

"अंकल, हे कुठून घेतलं? ऑनलाइन मिळेल?"

"मिळणार नाही," देवकत्यांच्या आधी कुसुमताईच म्हणाल्या. "मंगळवार, शुक्रवार, दुपारी तीन वाजता. कर्वेनगर. सुया स्वतःच्या आणायच्या."

मुलीने खरोखरच पत्ता लिहून घेतला.

ऊन वर आलं तसा देवकत्यांना स्वेटर गरम व्हायला लागला. त्यांनी गुंड्या सोडून तो काढला. प्रेमलाबाई अजूनही थंडीने आखडलेल्या होत्या. त्यांनी तो साडीवरून सरळ अंगात घातला आणि पुण्यात परत येईपर्यंत दिला नाही. नंतरही तो त्यांच्याच कपाटात राहिला. देवकत्यांनी एकदा तो परत मागितला. "थंडी पडली की देईन," त्या म्हणाल्या.

सुया परत द्यायला ते पुढच्या मंगळवारी वर्गात लवकर गेले. ठरल्याप्रमाणे एकच स्वेटर करायचा होता. हॉलमध्ये कुसुमताई एकट्याच होत्या. त्यांनी सुया घेतल्या, टेबलावर ठेवल्या, परत उचलल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माझंही एक पिक्चर आहे."

देवकते उभेच राहिले.

"कॉलेजात असताना पाहिलं होतं. घरी न सांगता, सलग तीन दिवस. त्यात स्वेटर नाही. नायिका एकदा पातळ नेसून नदीवर येते, त्याचा काठ. पाचच मिनिटं दिसतो. मोर नाहीत, कुयऱ्या नाहीत, निराळंच काहीतरी आहे. एवढ्या वर्षांत मी तो काठ कुठल्याही दुकानात पाहिला नाही." त्या थांबल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "शाल विणायला घेतली, तर त्याच्यावर तो येईल का? माझं ड्रॉइंग चांगलं नाही."

देवकत्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून आलेख कागदाची वही काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'भाग १, काठ'.

"सांगा," ते म्हणाले. "सावकाश सांगा. नदी कुठल्या बाजूला होती?"